झुल्यावरची जोडी

छत्तीस साली भोरच्या दवाखान्यात मी नंबर लावून बसलो होतो. शेजारी सर्कशीचे मॅनेजर उपेंद्रराव आणि हिर्डोशीहून चालत आलेल्या रतनबाई बसल्या होत्या. रतनबाईंची लेक भिमा सर्कशीत झुल्यावरची कसरत करायची. आत तिचा मोडलेला हात बांधणं चाललं होतं.

"बाई, कसरत म्हटली की पडणं आलंच," उपेंद्रराव म्हणाले.

"व्हय का? आन् पडताना दंडावर पाच बोटं कशी उमटली?"

"झेलणाऱ्याला घट्ट धरावंच लागतं."

"लई जपतोय म्हना की! गालबी घट्टच धरला व्हता का?"

"अहो, पदकं मिळवलेला उस्ताद आहे तो. असल्या आरोपांनी त्याचं नाव खराब होईल."

"अगं बया! नाव लई नाजूक. हाताचं काय, बांधला की झालं. पोरीनं तुमाला आदी सांगितलं व्हतं न्हवं?"

"दोनदा. मी त्याला समजही दिली."

"मग काय म्हनला?"

"म्हणाला, पुन्हा तक्रार केली तर वरून सोडून देईन. गमतीनं म्हणाला हो."

"गमत्या हाय, पर बोलल्याला जागला. पोर आता माज्यासंगं घरी येनार."

"आणि शनिवारच्या खेळाला झुल्यावर कोण चढणार?"

"तुमी चढा की, सायेब. झेलायला तुमचा उस्ताद हायेच."

"मी? त्याच्या भरवशावर?"

पदर खोचून रतनबाई लेकीला आणायला आत गेल्या.