धुरापासून लांब

सन १९०७चा माघ. धारच्या दवाखान्यात शाळामास्तरांची बायको गोदूताई आपली पाळी येण्याची वाट बघत बसली होती. पुढ्यात दोन बायका बोलत होत्या. धाकटीच्या मांडीवरचं तान्हं पोर सारखं खोकत होतं.

“डोळे का गं एवढे लाल, पारू?”

“धूर, अक्का. रानात लाकूड तोडू देत नाहीत, तेव्हापासून ओल्या पऱ्हाट्या नि गोवऱ्या जाळते.”

“मग खिडकी उघडत जा की.”

“गारठा आत येतो. गोधडी एकच आहे.”

“वैद्यबुवांना विचारलंस?”

“थोरला खोकायचा तेव्हा विचारलं. पोराला धुरापासून लांब ठेव म्हणाले. म्हणून त्याला ओसरीवर निजवत होते.”

“मग?”

“गारठला, अक्का. तीन दिवसांत गेला.”

“अगं बाई! नि आता याला?”

“आतच निजवते, चुलीपाशी. खोकतो. पण खोकला ऐकू येतोय तोवर पोर आहे, एवढं तरी कळतं.”

कंपाउंडरने गोदूताईचं नाव पुकारलं.

“पहले इनको देखो, भिया,” पारूकडे बोट दाखवत ती त्याला म्हणाली.

“बाई, माझी पाळी नाही अजून.”

“आता तुझीच आहे. ऊठ.”