धूर किती?

अगं, आमच्या विमानतळाला धूर कमी करायचा होता. म्हणून कुंपणालगतचं गवत डिझेलच्या मशीननं कापण्याऐवजी मेंढ्यांना चारायचं ठरलं. माझ्या मेंढ्या उपाशी, मी सगळ्यांच्या आधी गेले.

विमानतळाच्या ऑफिसातल्या साहेबानं फॉर्म दिला आणि अंगठ्यासाठी शाई पुढं केली.

म्हटलं, "लेकरा, पेन दे. शाळा न्हाय बघितली, पण लिवता येतंय की."

फॉर्म मशीनवाल्यांचाच होता. 'इंधन कोणतं?' मी लिहिलं, गवत. 'धूर किती?' खोटं मी लिहीत नाही. लिहिलं, 'मेंढ्यांचा नाही. मी तीन दगडांवर चहा करते, तेवढाच.'

साहेब गंभीर झाला. "आजी, तेवढाही चालणार नाही."

मी निघायला काठी उचलली. त्यानं खाली लिहिलं, 'मंजूर. आजींना चहा ऑफिसातून द्यावा.'