जिन्याच्या किल्ल्या

पाण्याच्या टँकरच्या रांगेत ओस्तापच्या पुढे एकाच जिन्यावर राहणाऱ्या दोन म्हाताऱ्या शेजारणी उभ्या होत्या.

"रायसा, ही माझ्या घराची किल्ली. तोफा जवळ आल्यात. उद्या लेकीकडे पोलंडला निघाले."

"लिदा, तू पण? अगं, जिन्यातल्या सगळ्यांच्या किल्ल्या माझ्याकडेच."

"कुंड्यांना पाणी घालशील ना?"

"प्यायच्या पाण्यासाठी रांगेत उभी आहे मी, आणि ही म्हणे कुंड्या."

"ते जिरेनियम आईच्या हातचं आहे गं."

"आपले बाप पोलादाच्या कारखान्यासाठी इथे दोन्बासात आले, तेव्हा एकेका खोलीत तीन-तीन बिऱ्हाडं होती. आता अख्ख्या जिन्यात मी एकटी. दे इकडे. फक्त एवढं सांग, माझी किल्ली मी कुणाकडे ठेवू?"

लिदाने किल्ली तिच्या हातात ठेवली. ओस्तापने खिशातला, त्याच्या स्वतःच्या जिन्यातल्या शेजाऱ्यांच्या किल्ल्यांचा जुडगा वाजू नये म्हणून मुठीत घट्ट धरला.