काळी रेघ

मनस्वी : बाबा, 'मनस्वी हाइट्स'च्या बी विंगमध्ये पोहायला कधी यायचं? मैत्रिणी विचारतायत. अंकिता म्हणाली, बाबांना हे विचारायची तुझी हिंमतच नाही. घ्या, विचारलं!

बाबा : स्विमिंग पूल नाय तिथं. अभ्यास कर.

मनस्वी : अभ्यासच आहे. शनिवारच्या प्रदर्शनासाठी भूगोलाच्या मॅडमनी दिलाय. गाढी नदीच्या खोऱ्याचा नकाशा, शंभर वर्षांपूर्वीचा. हा तुमचा प्लॉट. आणि मधून जाणारी ही काळी रेघ?

बाबा : पायवाट हाय ती. प्लॉट घेतला तवाच बघितलाय हा नकाशा मी.

मनस्वी : पायवाट लाल असते, बाबा! बारमाही पाणी निळं, उन्हाळ्यात आटणारं काळं. हा ओढा आहे.

बाबा : दिपिका, ऐकतेस? पोरगी बापाला नकाशा शिकवते.

आई : शिकवू दे. सातबारा तोंडपाठ आहे तुमचा, नकाशा मात्र उलटा धरलाय. माझ्या माहेरचं शिवार ते. त्याच ओढ्यावरून गौरी आणायचो आम्ही, परकर गुडघ्यापर्यंत खोचून.

बाबा : मग इतके दिवस गप का बसलीस?

आई : विचारलंत कधी? प्लॉट बघायला गेलात भर मे महिन्यात, गॉगल लावून.

बाबा : (खुर्चीतून उठत) उद्या सकाळी भरावाचे डंपर येतायत. चाळीस फ्लॅट बुक झालेत. आता लोकांना सांगू, मधेच ओढा आला म्हणून?

मनस्वी : आला कुठे? होताच तो. तुम्ही बुजवलात तर पाणी खालच्या अंगाला शांतीमामीच्या घरात शिरेल. उतार बघा ना, दुसरी वाटच नाही त्याला.

बाबा : लय शानी झालीस. तुज्याच नावाची बिल्डिंग आनि तूच... दुसरा नकाशा लाव. मुंबईचा लाव.

मनस्वी : मुंबईत माझी मामी राहत नाही.

आई : बरोबर बोलली.

बाबा : तू आधी ठरव, कोणाच्या बाजूची तू.

आई : मी? मी माहेरची.

मनस्वी : आईबाबा, ऐका, माझं ठरलंय. शनिवारी हाच नकाशा लावणार. ओढा सगळ्यांना दिसावा म्हणून निळ्या पेनने गिरवणार आणि त्यावर आपली बी विंग काढणार, नावासकट. उद्या डंपर आले की थांबले, तेही खाली लिहिणार. आणि कोणी विचारलं, हा बिल्डर कोण, तर 'माझे बाबा' म्हणून सांगणार.