फिरंग्याचं गाणं आणि रवळनाथाचा भात

मंडळी, बसा! पाठीमागचे उभे का? पुढं या, इथं रिकामी जागा आहे. देवाला लाजता का मला?

एक प्रश्न विचारतो. सरळ उत्तर द्या.

एखादी गोष्ट आपली आहे हे कशावरून ठरतं? ती आपल्या गावात जन्मली म्हणून? की आपण ती सांभाळली म्हणून? काय? … आजोबा मान हलवताहेत. होय म्हणता का नाही म्हणता? हां, झोप उडवताय! असू द्या, असू द्या.

याच प्रश्नापायी एका गावात देवाचा नैवेद्य अडला होता. देव उपाशी राहायची वेळ आली! आणि अडला कशानं? एका गाण्यानं!

मंडळी, ऐका!

गोवा सुटायच्या आधीची गोष्ट. आंबेखोल नावाचा गाव. खाडीच्या अलीकडं. अलीकडं म्हणजे आपल्या देशात. आणि पलीकडं? पलीकडं पोर्तुगीज! मध्ये पाणी किती? इकडून हाक मारली तर तिकडचा कुत्रा भुंकायचा, एवढंच! पण हद्द बंद. होडी बंद. लेकी इकडं, माहेरं तिकडं. पलीकडच्या नाक्यावर बंदूक घेऊन पाखलो उभा. पाखलो म्हणजे गोरा शिपाई.

आता या गावात रवळनाथाची जत्रा. आणि जत्रेच्या नैवेद्याचा भात कसा? तर नव्या भाताचा, जत्रेच्याच सकाळी देवळाच्या अंगणातल्या उखळात कांडलेला! आणि दाणा कसा पाहिजे? अख्खा! तुटलेला चालणार नाही. कणी चालणार नाही. भिकू गुरव तळहातावर मूठभर तांदूळ घेऊन एकेक दाणा बघायचा — असा, डोळे बारीक करून! पोरीला बघायला आलेली सासूसुद्धा एवढं बघत नाही हो!

कांडायचं कसं, ते नीट ऐका. सगळी गोष्ट तिथंच आहे. समोरासमोर दोन बायका उभ्या. दोघींच्या हातात मुसळं. एकीचं वर, दुसरीचं खाली. आणि तिसरी बाई उखळाजवळ बसलेली. तिचं काम काय? उखळात हात घालून भात खालीवर करायचा! मुसळं चालू असताना! हात कधी घालायचा? इकडं-तिकडं झालं तर बोटांची चटणी!

म्हणून गाणं. जिचा हात आत, तिनं गायचं. हा तिथला रिवाज. तीन ठोके पडायचे — धप्, धप्, धप् — आणि चौथ्याला गाणं गप्प! मुसळं वरच्या वर! त्या गप्प जागेत हात आत जायचा, भात फिरवायचा, बाहेर! परत धप्, धप्, धप्. गाणं असं —

भात बोललो कोंड्याक — सोड!
कोंडो बोललो भाताक — सोड!
दोघांच्या ह्या भांडणापायी
माझ्या हाताक इली फोड!

(बाळू, जरा धरा हो पेटीवर. हां. अहो, चौथी जागा मोकळी! तुम्ही भरून टाकता. हां, आता बरोबर.)

हे गाणं तीस वर्षं गायची मथुराकाकी. काळी, ठेंगणी, आवाज असा की खाडीपलीकडं जावा. आणि काकीचं माहेर कुठलं? पलीकडचं! पोर्तुगिजांच्या मुलखातलं. लग्न होऊन आली तेव्हा गाणं घेऊन आली. तीस वर्षं कुणी विचारलं नाही गाणं कुठलं. भात पांढरा निघतोय ना? झालं!

आता दुसरा माणूस. दत्ताराम राऊळ. शाळेचे गुरुजी. वय तिशीचं. मंडळी, या माणसाला हसू नका. वाईट नव्हता. धाकटा भाऊ सदा सत्याग्रहात गेला, पलीकडं तुरुंगात पडला. मारलं म्हणे त्याला. किती मारलं, जिवंत आहे का — पत्ता नाही! गुरुजी रोज शाळा सुटली की खाडीवर जायचे आणि नुसते पलीकडं बघत बसायचे. तुम्ही काय केलं असतं?

तर एका रविवारी नाक्यावर पोर्तुगीज शिपायांचा बँड वाजत होता. वारा तिकडून इकडं येणारा. आणि गुरुजींचे कान टवकारले! चाल ओळखीची! भात बोललो कोंड्याक… तीच! ठोका नि ठोका तोच!

बँडवाल्यांनी आमच्या बायकांचं ऐकून उचललं? की बायकांनी कुठल्या जुन्या बँडचं उचललं? मला विचारू नका. मी नव्हतो तिथं!

पण गुरुजींचं डोकं फिरलं. तडक देवळात. गावकी बसलेली. गुरुजी म्हणाले, "माझ्या भावाला ज्यांनी तुडवलं, त्यांचं गाणं आपण रवळनाथापुढं म्हणतो! लाज वाटली पाहिजे! हे गाणं फिरंग्यांचं आहे. या अंगणात परत ऐकू आलं तर मी या देवळाची पायरी चढणार नाही!"

भाऊ तुरुंगात असलेल्या माणसापुढं बोलणार कोण?

(फिरंग्याचं म्हणून टाकायचं तर बाळू, पहिली तुमची पेटी उचला! ती कुठली? विलायतेची! आणि मंडळी, फिरंग्यानंच आणलेल्या बटाट्याची भाजी काल रात्री कुणी कुणी खाल्ली? हात वर नको, वास येतोय!)

गावकीनं ठरवलं. गाणं बंद. आणि गाणं बंद, तर काकीही बंद! एकजण हळूच म्हणाला, "शेवटी ती तिकडचीच ना?" तीस वर्षांची सून, मंडळी! नवरा इथंच जळला तिचा. पोरं इथं वाढवली. एका गाण्यापायी एका दिवसात परकी!

काकीला सांगायला गुरुजी स्वतः गेले. तेवढा प्रामाणिक होता माणूस. काकी दारात सुपारी फोडत होती.

"काकी, गाणं कुणाचं ते सांगा. एकदाच सांगा."

"माका काय ठाव? माझ्या आवशीन शिकवल्यान." (आवस म्हणजे आई, मंडळी.)

"आणि तिला?"

"तिच्या आवशीन असतला. दत्तू, तू पाढे म्हणतस ते कोणाचे, ता इचारलंस कधी?"

"हा चेष्टेचा विषय नाही! सदा तिकडं मार खातोय!"

काकीनं अडकित्ता खाली ठेवला. म्हणाली, "बस."

"मी उभाच बरा."

"उभो रव मगे. माझी आवस थंयच आसा. दोन वर्सां झाली, तोंड बघूक नाय. शिमग्याक होडीवाल्यान चोरून निरोप हाडल्यान. पाखल्यान आवशीच्या हातातला मुसळ वढून घेतल्यान. दारात कांडत होती म्हातारी. कित्याक घेतल्यान? तर ह्या गाणा इंडियेचा! इंडियेचा गाणा हंय म्हणूचा नाय!"

काकीनं अडकित्ता परत हातात घेतला.

"थंय म्हणतत इंडियेचा. हंय तू म्हणतस फिरंग्याचा. मगे दत्तू, ह्या गाण्यान ऱ्हवाचा खंय? खाडीत?"

मंडळी, इथं माणूस वितळायला पाहिजे होता की नाही? नाही वितळला! माणूस एकदा चारचौघांत बोलून बसला ना, की त्याला खरं दिसलं तरी तो मान फिरवतो. गुरुजी म्हणाले, "ठरलंय ते ठरलंय."

काकी म्हणाली, "ठरला तर ठरला. पण माझापण ठरला. गाणा नाय, तर मी मुसळाक हात लावचंय नाय. आणि मी जत्रेक येतलंय! देवान माका येव नको म्हणूक नाय."

बाई बघा! ओरडली नाही. रडली नाही. जत्रेच्या सकाळी नवं लुगडं नेसून देवळाच्या अंगणात आली आणि फणसाखाली मांडी घालून बसली. समोर उखळ. हात मांडीवर. बसली!

आता गाणं बंद, पण भात तर कांडायलाच हवा! मग काय? गुरुजींनी गाणं आणलं होतं — स्वतः रचलेलं! देशभक्तीचं! रात्रभर जागून!

टाक पाऊल, टाक पाऊल,
फिरंग्या लागो मृत्यूची चाहूल!

हसता काय? गाणं वाईट नव्हतं! लेझमीला झकास! पण उखळाला? दोन सुना मुसळं घेऊन उभ्या. आणि हात घालायला बसली कोण? गुरुजींचीच बायको, शालनवैनी! नवऱ्याचं गाणं तिनं नाही म्हणायचं तर कुणी?

झालं सुरू. टाक पाऊल — धप् धप्! टाक पाऊल — धप् धप्! आणि वैनी हात घालणार कधी? या गाण्यात गप्प जागाच नाही! शिपाई कुठं थांबतो? वैनी हात पुढं करते — मुसळ! मागं घेते — मुसळ! एकदा घातलाच धीर करून. आई गं! करंगळीचं नख गेलं. लुगड्याचा पदर लाल.

"लागलं का?" गुरुजी धावले.

"तुमचा गाणा थांबतच नाय! मी हात घालू खंय? तुमच्या मृत्यूच्या चाहुलीत?"

मग ठरलं, हात घालायचाच नाही. नुसतं कांडा! कांडलं. आणि काय निघालं? वरचा भात सालासकट जसाच्या तसा आणि तळाचं पीठ! भिकू गुरवानं मूठ घेतली. डोळे बारीक. मूठ परत सुपात टाकली.

"ह्या कोंबड्यांका घाला."

"गुरव, आजचा दिवस…" गुरुजी म्हणाले.

"आजचो दिवसच देवाचो. दुपारी नैवेद्य. दाणो अख्खो नाय, तर मी गाभाऱ्याचा दार उघडूचंय नाय."

दुसरी खेप कांडली. कणी! सूर्य वर येतोय. पालखी सजलीय, ढोल थांबलेत. आणि सगळं अंगण हळूहळू एकाच बाजूला बघायला लागलं. फणसाखाली. काकी जागची हलत नाही.

मंडळी, त्या उखळापासून फणसापर्यंत पावलं किती? वीस असतील. पण गुरुजींना ती चालायला किती वेळ लागला! आपल्याला लागतो की नाही? भावाभावांत बोलणं बंद असतं, मध्ये एक भिंत असते फक्त — किती वर्षं लागतात? बोला की!

गुरुजी गेले. समोर उभे राहिले. "काकी… चला."

"माका कित्याक? मी थंयची."

"काकी, चुकलं माझं."

"तसा नको. चुकला म्हणाक सोपा असता. मी मुसळ धरतंय. पण हात तू घालूचो."

"मी?"

"आणि जेचो हात, तेचा गाणा. ठाव आसा मा रिवाज?"

शाळेचा मास्तर, पुरुष माणूस, बायकांच्या उखळाशी बसणार? आणि गाणं कुठलं म्हणणार? ज्याच्यावर परवा थुंकला ते!

एक म्हातारा म्हणाला, "दत्तू, नको रे, ह्या बरा दिसणा नाय."

गुरुजी मागं फिरले नाहीत! धोतर सावरलं आणि बसले उखळाशी. समोर एका बाजूला काकी. दुसऱ्या बाजूला, करंगळीला चिंधी बांधलेली शालनवैनी! तिनं मुसळ उचललं. म्हणाली, "म्हणा."

आता बघा हं. वर दोन मुसळं. एक त्या बाईचं, जिला याच्या बोलण्यानं गावानं परकी केलं. दुसरं त्या बायकोचं, जिचं याच्यापायी नख गेलं!

भात बोललो कोंड्याक — सोड!

धप्, धप्, धप् — गप्प! हात आत! बाहेर! लागलं नाही!

कोंडो बोललो भाताक — सोड!

धप्, धप्, धप् — गप्प! हात आत! बाहेर!

तिसऱ्या फेरीला गुरुजींनी डोळे मिटले, मंडळी! डोळे मिटून हात घालत होते! कारण कळलं होतं. बघून नाही घालायचा हात, गाऊन घालायचा! ती गप्प जागा कुणीतरी ठेवली होती. कुठल्या देशातल्या कुठल्या बाईनं, कुणास ठाऊक. पण कुणाचं तरी बोट वाचावं म्हणून ठेवली होती! आणि गुरुजी गात होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. सदासाठी असेल. काकीच्या आईसाठी असेल.

भिकू गुरवानं मूठ घेतली. डोळे बारीक केले. जाऊन गाभाऱ्याचं दार उघडलं!

संध्याकाळी पारावर कुणीतरी गुरुजींना खोचकपणे विचारलं, "काय गुरुजी, मगे गाणा कोणाचा ठरला?"

गुरुजी म्हणाले, "ते मला ठाऊक नाही. माझी बोटं पाच आहेत, एवढं ठाऊक आहे."

आता मंडळी, पाण्याचा तांब्या ठेवा तो खाली. तुमच्याकडं वळतो.

आपण फार भांडतो. हे गाणं आमचं, ही चाल आमची, तो देव पहिला आमच्या गावात आला! हात वर करा बघू — आपल्या आजीचं गाणं आपलं आहे, असं कुणाकुणाला वाटतं? अरे वा! सगळेच! छान. हात तसेच ठेवा. आता ज्यांना त्याचं दुसरं कडवं येतं, त्यांनीच हात वर ठेवा.

…

खाली आले ना? माझाही खाली आहे. मी खोटं बोलणार नाही.

मग ऐका. उद्या सकाळी सात वाजता मी या देवळाच्या मागच्या अंगणात येतोय. ज्या म्हाताऱ्या आज पाठीमागं बसल्यात आणि तोंडावर पदर घेऊन हसताहेत, त्यांच्याकडं शिकायला. एकटा आलो तरी बसेन, परवा परत येईन. ज्यांना वाटतं की ते आपलं आहे, त्यांनी यावं. येताना पुरावे नकोत, कागद नकोत.

आपलं म्हणता ना? मग हात घाला!