निव्वळ हवा

उत्तरा नागपूरच्या विमानतळावर पुण्याच्या विमानाची वाट पाहत होती. तिच्या मागच्या खुर्च्यांवर कुहीहून आलेले नवरा-बायको बसले होते. त्यांच्या लेकीला पुण्यात मुलगी झाली होती आणि दोघं पहिल्यांदाच विमानात बसणार होते. पण बाई ऐनवेळी अडून बसल्या.

“मी नाही येत जी. त्याचे पंख हालूनच नाही राहिले, मंग ते उडते कसं?”

“पंख हालवाची गरजच नाही वं मीरा. बसच्या खिडकीतून हात बाहेर काढून तळवा जरासा तिरपा केला, तं हात कसा वर उचलल्या जाते?”

“तुमीच काढता हात, अन् कंडक्टरच्या शिव्या खाता.”

“आयक तं! पंख धावता धावता हवेले खाली दाबते. मंग हवाच त्याले वर उचलून धरते.”

“निव्वळ हवा?”

“निव्वळ हवा.”

“खालून दुसरा कशाचाच टेकू नाही?”

“नाही.”

“अन् धावणं कमी झालं तं?”

“तं मंग... हवा तेवढी उचलत नाही.”

उत्तरा उगाच फोनमध्ये पाहत राहिली.

“काहून जी, पंखाकडे काय पाहून राहिले?”

“मीरा, आपण ट्रेननं गेलो तं?”

“आता? उठा, लाइन लागून राहिली.”

“मले घाम येऊन राहिला वं.”

“माहा हात धरा अन् चला.”

“तुले पटलं का पण, मी सांगतलं ते?”

“काहीच नाही पटलं. मले नात पाहाची आहे.”