फिल्टरचं पाणी

दवाखान्यात बाकावर बसलेल्या टपालमास्तरांना पेपर वाचायचा होता, पण शेजारच्या जोडप्यापुढे पेपर फिका पडला.

"तीनदा अंडी पांढरी पडली, पण या वेळी फुटली! शेवटी डिस्कस माशांची पिल्लं काढलीच मी!"

"तुम्ही? जड पाण्यात अंडी टिकत नाहीत, हे तुम्हीच वाचून दाखवलंत. मग मी माशांच्या टाकीत आपलं प्यायचं फिल्टरचं पाणी ओतत गेले."

"सगळं?"

"सगळं. तुमचं उतरलेलं तोंड बघवेना."

"मग आठवडाभर आपण काय पितोय?"

"नळाचं. मी आपलं उकळून पिते. तुम्हाला उकळलेलं बेचव लागतं ना!"

आतून नर्सनं हाक मारली, "पोटदुखीवाले काका! कधीपासून दुखतंय?"

"अंडी घातल्यापासून," काका पोट धरून उठले. "आणि बाई, पिल्लं सुखरूप आहेत!"